प्रवाळाच्या सांगाड्यातून जुन्या समुद्राचं तापमान कसं वाचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल निनोच्या वर्षी मध्य पॅसिफिकमधल्या किरितिमाती बेटाभोवतीचं पाणी दोन-तीन अंशांनी तापतं आणि इकडे आपल्या पावसाचं गणित हलतं. (नाव असं लिहितात, पण तिथले लोक उच्चार ‘किरिस्मास’च्या जवळचा करतात.) त्या भागात थर्मामीटरच्या नोंदी शे-सव्वाशे वर्षांपलीकडे फार विरळ आहेत. त्याआधीचं तापमान हवं तर प्रवाळाचा सांगाडा वाचावा लागतो. खालची उत्तरं मुख्यतः किरितिमातीच्या पोराइटीस जातीच्या प्रवाळांना धरून दिली आहेत. यंत्रावरचं मोजमाप आता बरंच सोपं झालं आहे. काम फसतं ते बहुधा त्याच्या आधीच: सांगाड्याचा काप चुकीच्या दिशेने कापला जातो, मोजायची भुकटी ज्या रेघेवरून खरवडतात ती रेघ भलतीकडे जाते, किंवा खराब झालेला सांगाडा चांगला समजून घेतला जातो. म्हणून त्या प्रश्नांची उत्तरं लांब आहेत.

अंगठीतलं पोवळं आणि हे प्रवाळ एकच का?

नाही. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम जातीचं. त्याचा सांगाडा मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटचा असतो आणि वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाही. हवामानाच्या कामाला येणारं पोराइटीस उथळ, उजेडाच्या पाण्यात मोठ्या गोल डोक्यासारखं वाढतं. त्याचा सांगाडा अरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचा असतो. वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, किरितिमातीसारख्या ठिकाणी दीड-दोन सेंटिमीटरही.

सांगाड्यात तापमान शिरतं कसं?

दोन वाटांनी. पहिली ऑक्सिजनची. पाणी थंड असेल तर सांगाड्यात जड ऑक्सिजन-१८ थोडा जास्त बसतो, गरम असेल तर कमी. एका अंशाला हा फरक साधारण उणे ०.२ प्रति सहस्र असतो. कार्बोनेटमधल्या ऑक्सिजनवरून तापमान काढता येईल, हे हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं.

दुसरी वाट स्ट्रॉन्शियमची. समुद्राच्या पाण्यातलं थोडं स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी बसतं आणि थंड पाण्यात ते जास्त बसतं. पोराइटीसमध्ये स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर ९ मिलिमोल प्रति मोलच्या आसपास असतं आणि अंशामागे सुमारे ०.०६ ने घटतं. स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम दोन्ही समुद्रात लाखो वर्षं टिकतात. त्यामुळे काही शतकांच्या अभ्यासात पाण्यातलं गुणोत्तर स्थिर धरायला हरकत नसते.

एक अट लक्षात ठेवावी. प्रवाळ सजीव आहे, तो रसायनशास्त्राच्या समतोलात सांगाडा बांधत नाही. समतोलाच्या हिशेबाने जितका ऑक्सिजन-१८ यायला हवा, त्यापेक्षा तो बराच कमी घेतो. ही तूट वाढीच्या मुख्य अक्षावर जवळपास कायम राहते, म्हणून पद्धत चालते. वाढ वर्षाला पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेली की तूट बदलायला लागते आणि आकड्यांवरचा विश्वास उडतो.

वर्षाचा पट्टा खरंच वर्षाचा असतो, हे कशावरून?

सांगाड्याच्या एक्स-रेमध्ये एकाआड एक दाट आणि विरळ पट्टे दिसतात. पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या. त्यातला किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम तिथल्या प्रवाळांच्या सांगाड्यात बसला. नट्सन, बुडेमायर आणि स्मिथ यांनी १९७२ मध्ये त्या खुणा एक्स-रेवरच्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्या. चाचण्यांच्या तारखा ठाऊक होत्या आणि मधल्या पट्ट्यांची संख्या वर्षांशी जुळली. एक दाट आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष. दाट पट्टा कुठल्या ऋतूत बनतो, हे मात्र जागेनुसार बदलतं. तो नेहमी उन्हाळ्याचाच असं धरू नका.

ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियम, दोन्ही मोजायची गरज काय?

ऑक्सिजनच्या आकड्यात तापमानाबरोबर पाण्याचा खारेपणाही मिसळलेला असतो. पाऊस पडला की समुद्रातला ऑक्सिजन-१८ कमी होतो, बाष्पीभवन झालं की वाढतो. स्ट्रॉन्शियमवर याचा परिणाम होत नाही, म्हणून दोघांची वजाबाकी करता येते.

समजा एका घटनेत स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर ०.१२ ने घटलं. ०.०६ ने भागलं की तापमानवाढ २ अंश. त्याच भुकटीत ऑक्सिजन-१८ उणे ०.६ ने बदललेला दिसला. २ अंशांनी फक्त उणे ०.४ चा हिशेब लागतो. उरलेला उणे ०.२ पावसाच्या गोड्या पाण्याचा. किरितिमातीला एल निनोत पाणी तापतं आणि पाऊसही वाढतो. दोन्ही परिणाम एकाच बाजूला ओढतात, म्हणून तिथला ऑक्सिजनचा आलेख एल निनो ठळक दाखवतो. पण नुसत्या ऑक्सिजनवरून तापमान काढलं तर ते फुगलेलं निघेल. वरच्या उदाहरणात २ ऐवजी ३ अंश.

कोअर काढल्याने प्रवाळ मरतो का?

नीट काढला तर नाही. पाणबुडे हवेच्या किंवा हायड्रॉलिक दाबावर चालणारं ड्रिल वापरून पाच ते नऊ सेंटिमीटर व्यासाचा कोअर, म्हणजे सांगाड्याचा लांब दंडगोल तुकडा, काढतात. भोकाच्या तोंडाशी सिमेंटचं बूच बसवतात आणि काही वर्षांत जिवंत थर त्यावरून सरकून ते झाकतो. बूच विसरलं तर छिद्र पोखरणारे शिंपले आणि स्पंज आत घुसतात. ड्रिल डोक्याच्या माथ्यावरून सरळ खाली जायला हवं. दोन-चार अंशांनी कललं तरी मीटरभर खोलीवर कोअर वाढीच्या अक्षाबाहेर पडतो आणि पुढचे काप कामाचे राहत नाहीत. तुकडा वर आला की लगेच त्यावर बाण काढून वरची बाजू आणि क्रमांक लिहावा. सुटे तुकडे उलटे जोडले गेले तर पुढे ओळखणं कठीण जातं.

काप कसा करायचा आणि भुकटीची रेघ कुठे ओढायची?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कोअरचा पाच ते सात मिलिमीटर जाडीचा काप हिऱ्याच्या पात्याने पाणी सोडत कापायचा. मग डीआयोनाइज्ड पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवून करवतीचा गाळ निघून जाईपर्यंत धुवायचा. पाणी दुधी येणं थांबेपर्यंत बदलत राहावं. कमी तापमानाच्या भट्टीत सुकवून एक्स-रे घ्यायचा. ब्लीच किंवा पेरॉक्साइडने साफ करावं का, यावर मतं वेगळी आहेत. काहीही करा, पण एका कोअरला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवा.

आता भिंग घ्या. पोराइटीसच्या एका पॉलिपची (प्रवाळाच्या एका चिमुकल्या जीवाची) खोली जेमतेम एक-दीड मिलिमीटर रुंद असते. काप वाढीच्या दिशेने गेला असेल तर या खोल्या पृष्ठभागावर लांब, सरळ, एकमेकींना समांतर धाग्यांसारख्या दिसतात. तिरपा गेला असेल तर धाग्यांऐवजी गोल किंवा लंबगोल भोकं दिसतात. भोकं दिसणाऱ्या भागातून भुकटी घेऊ नका. तिथे रेघ एका वर्षाच्या पट्ट्यातून दुसऱ्या वर्षात तिरकी जाते आणि तापमान अंशभर, कधी त्याहूनही जास्त, चुकतं.

धागे पंख्यासारख्या गुच्छांमध्ये वर जातात. रेघ अशा एका पंख्याच्या मधोमध, वर वाढणाऱ्या अक्षावर ओढायची. दोन पंखे एकमेकांवर आदळतात तिथे दरी असते आणि वाढ मंदावलेली असते. ती टाळा. पंखा संपला की पट्टा धरून बाजूच्या पंख्यावर जा आणि निदान एका पूर्ण वर्षाची भुकटी दोन्हीकडून घेऊन आकडे जुळतात का पाहा. न जुळलेला सांधा तसाच पुढे नेला, तर आलेखात एक पायरी येते आणि ती पुढे हवामानबदल म्हणून वाचली जाते.

वरच्या काही मिलिमीटरात पिवळसर-तपकिरी जिवंत थराची खूण असते. त्याच्या खालची हिरवी पट्टी सांगाड्यात राहणाऱ्या शैवालाची, ती नेहमीचीच आहे. जिवंत थराच्या जाडीत सांगाडा काही महिने थोडा थोडा भरत राहतो. त्यामुळे ऋतूंचा चढउतार किंचित बोथट होतो. ही बोथटी यंत्राची नसते, ती काढून टाकता येत नाही.

भुकटी किती, किती अंतरावर?

महिन्याला एक नमुना हवा असेल तर वर्षाला बारा. वाढ एक सेंटिमीटर असेल तर ०.८ मिलिमीटरचं अंतर ठेवावं. किरितिमातीसारखी दीड सेंटिमीटर वाढ असेल तर एक मिलिमीटर पुरतं. अशा वाढीच्या तीन मीटर कोअरमध्ये सुमारे २०० वर्षं आणि ३,००० नमुने येतात. आधी दर पाचव्या नमुन्यावर काम करून मग बाकीचे करायचे की नाही ते ठरवणं शहाणपणाचं.

एक घन मिलिमीटर सांगाड्यातून मिलिग्रॅमभर भुकटी मिळते. ऑक्सिजनला ५० ते १०० मायक्रोग्रॅम आणि स्ट्रॉन्शियमला २०० मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे एकाच कुपीतून दोन्ही होतात आणि तसंच करावं. वेगवेगळ्या ठिकाणची भुकटी घेतली तर मघाची वजाबाकी खोटी ठरते. ड्रिल मंद वेगावर ठेवा. घर्षणाने बिट तापलं तर अरागोनाइटचं कॅल्साइट व्हायला लागतं आणि ऑक्सिजनचा आकडा सरकतो. दोन नमुन्यांमध्ये बिट आणि काप दाबाच्या हवेने साफ करायला चुकू नका.

यंत्रावर कशाकडे लक्ष द्यायचं?

स्ट्रॉन्शियमसाठी आयसीपी-ओईएस (तापलेल्या वायूतल्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) पुरतं. २०० मायक्रोग्रॅम भुकटीत ८० मायक्रोग्रॅम कॅल्शियम असतं. ती २ टक्के नायट्रिक आम्लाच्या ४ मिलिलिटर द्रावणात विरघळवली की कॅल्शियम २० पीपीएम (दशलक्षात २० भाग) होतं. सगळे नमुने याच्या जवळपास ठेवा, कारण कॅल्शियमचं प्रमाण बदललं की यंत्र गुणोत्तरही थोडं वेगळं दाखवतं. यंत्र दिवसभर सरकत असतं, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या आगेमागे गुणोत्तर आधीच माहीत असलेलं एकच द्रावण चालवून आकडा दुरुस्त करतात. शेवटची खातरजमा जपानच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या जेसीपी-१ या पोराइटीस भुकटीने होते. तिचं मान्य गुणोत्तर ८.८३८ आहे. ०.१ टक्का अचूकता साधली तर ती सुमारे ०.१५ अंशाइतकी झाली. ऑक्सिजनसाठी भुकटी ७० अंशांवर फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो, आणि सोबत एनबीएस-१९ सारखा आकडा माहीत असलेला प्रमाण नमुना चालवतात.

आकड्याचं तापमान कसं करायचं?

उपग्रहांची समुद्रपृष्ठाची तापमानं १९८१ च्या अखेरीपासून सलग मिळतात. कोअरचा वरचा भाग त्यांच्याशी जुळवून उतार, म्हणजे अंशामागे होणारा बदल, काढायचा. स्ट्रॉन्शियमचा उतार उणे ०.०४ ते ०.०८ च्या बाहेर गेला तर समीकरणाला दोष देण्याआधी तारखा आणि रेघ तपासा. उपग्रहाचा आकडा मोठ्या चौकोनाची सरासरी असतो, खाजणातलं पाणी त्याहून वेगळं वागू शकतं.

शेजारशेजारच्या दोन प्रवाळांची गुणोत्तरं एकाच पाण्यात इतकी वेगळी असू शकतात की काढलेल्या तापमानात एक-दोन अंशांचा फरक पडतो. म्हणून ‘तेव्हा पाणी २६.४ अंश होतं’ असं लिहिण्यापेक्षा ‘आधीच्या तीस वर्षांपेक्षा इतकं गरम’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक आहे. एका कोअरवर निष्कर्ष काढू नये. दोन-तीन कोअर एकमेकांशी जुळले तरच बोलावं.

किरितिमातीला ऋतू जेमतेम आहेत. मग तारखा कशा बसवायच्या?

विषुववृत्ताजवळ वर्षभराचा चढउतार लहान असल्याने पट्टे पुसट येतात. माथ्यावर कोअर काढल्याची तारीख पक्की असते. तिथून खाली १९९७-९८, १९८२-८३ यांसारख्या मोठ्या एल निनोच्या टोकांना तारखा बांधून मधली वर्षं विभागतात. त्या आधी मात्र मोजणीत चूक साठत जाते आणि ती लिहून दाखवावी लागते.

किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या जुन्या प्रवाळाचं वय कसं कळतं?

युरेनियम-थोरियम पद्धतीने. जिवंत प्रवाळ समुद्रातून सुमारे ३ पीपीएम युरेनियम घेतो. थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे सांगाड्यातलं थोरियम-२३० नंतर युरेनियमच्या क्षयातूनच साठतं आणि घड्याळ शून्यापासून सुरू होतं. थोरियम-२३० चं अर्धायुष्य सुमारे ७५,६०० वर्षं, म्हणून पद्धत साधारण पाच लाख वर्षांपर्यंत चालते. स्वच्छ तुकडा असेल तर काही शतकांपूर्वीचं वय काही वर्षांच्या फरकाने सांगता येतं. दोन गोष्टी मात्र तपासायच्याच. थोरियम-२३२ दिसला तर बाहेरची माती मिसळली आहे. आणि युरेनियम-२३४ चं सुरुवातीचं प्रमाण समुद्राच्या १४५ ते १४७ प्रति सहस्रपासून दूर निघालं तर युरेनियम आत-बाहेर झालं आहे. ते वय सोडून द्यावं.

सांगाडा खराब झाला आहे हे कसं ओळखायचं?

बिघाड दोन प्रकारचा आणि दोन्ही उलट दिशेने फसवतात.

तुकडा पावसाच्या पाण्यात भिजत राहिला तर अरागोनाइट विरघळून कॅल्साइट बसतं. कॅल्साइटमध्ये स्ट्रॉन्शियम कमी, म्हणून तापमान खोटं गरम दिसतं. नुसतं एक टक्का कॅल्साइट अंशाहून जास्त चूक करतं. क्ष-किरण विवर्तनात अरागोनाइटचं शिखर २६.२ अंशांच्या कोनाला आणि कॅल्साइटचं २९.४ ला येतं. एक टक्क्याच्या आसपासचं कॅल्साइट तिथे जेमतेम ओळखू येतं, म्हणजे ‘काही दिसलं नाही’ एवढ्यावर थांबता येत नाही.

समुद्राच्या पाण्यातच राहिलेल्या सांगाड्याच्या पोकळ्यांत नव्या अरागोनाइटच्या सुया वाढतात. विवर्तनाला हे कळत नाही, कारण खनिज तेच आहे. नव्या सुयांमध्ये स्ट्रॉन्शियम आणि ऑक्सिजन-१८ दोन्ही जास्त, म्हणून तापमान खोटं थंड दिसतं. हा बिघाड जिवंत प्रवाळाच्या कोअरमध्येही खालच्या टोकाला होतो. तिथे जुनी दशकं खोटी थंड होतात आणि शतकभराची तापमानवाढ आहे त्याहून मोठी दिसते. खरी तापमानवाढ मोजायची असेल तर ही खोटी वाढ स्वतःच शोधून काढून टाकली पाहिजे.

उपाय एकच: बघायचं. एक्स-रेवर तळाशी अनपेक्षित पांढरे डाग दिसले तर तिथून पातळ छेद घ्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ताजा सांगाडा गुळगुळीत आणि पोकळ्या रिकाम्या दिसतात. बिघडलेल्यात पोकळ्यांच्या भिंतींवरून सुया आत घुसलेल्या असतात, तर कॅल्साइट ठोकळ्यांसारखं भरलेलं दिसतं. प्रत्येक कोअरमध्ये वर, मध्ये आणि तळाला असं पाहिल्याशिवाय भुकटी काढायला बसू नये.

यातून आतापर्यंत काय कळलं?

किरितिमातीच्या वायव्येला असलेल्या पाल्मायरा बेटावर वादळांनी फेकलेल्या प्रवाळांचे तुकडे जोडून किम कॉब आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गेल्या ११०० वर्षांतले काही कालखंड मांडले. त्या कालखंडांत एल निनोचा सर्वांत जास्त जोर सतराव्या शतकाच्या मध्यात निघाला. किरितिमाती आणि शेजारच्या बेटांवरच्या जुन्या तुकड्यांनी ही नोंद नंतर सात हजार वर्षांपर्यंत मागे नेली. पुढे २०१५-१६ च्या उष्णतेत किरितिमातीचे बहुतांश प्रवाळ मेले. पुढची नोंद ठेवणारे सजीवच त्यात गेले, ही फार मोठी हानी आहे.

हिंदी महासागर द्विध्रुवाची, म्हणजे या महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाच्या फरकाच्या चढउताराची, नोंद सुमात्राजवळच्या प्रवाळांत मिळते. १९९७ मध्ये जोरदार एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, आणि त्याचं एक कारण त्या वर्षीचा सकारात्मक द्विध्रुव मानला जातो. नेरिली एब्रम आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात १६७५ ची घटना १९९७ पेक्षाही तीव्र निघाली. थर्मामीटरच्या काळात दिसलं तेवढंच निसर्ग करू शकतो, असं धरून चालणार नाही.

हिमयुगापर्यंत जाता येतं का?

जाता येतं, पण तुटक. बार्बाडोसच्या बुडालेल्या प्रवाळांवरून रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये दाखवलं की शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजपेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.

आम्लता मोजता येते?

बोरॉनच्या समस्थानिकांवरून, पण प्रवाळ आपल्या सांगाड्याजवळच्या द्रवाचा सामू स्वतः वाढवतो. त्यामुळे थेट समुद्राचा आकडा मिळत नाही.

आपल्याकडे असं काम झालं आहे का? कोकणात करता येईल?

लक्षद्वीपच्या कवरत्तीतल्या पोराइटीसवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात काम केलं. मॉन्सून सुरू झाल्यावर तिथलं पाणी थंड होतं, ही खूण ऑक्सिजनच्या आलेखात दिसली. तिथे पाणी एप्रिल-मेमध्ये सर्वांत गरम असतं, पावसाळ्यात उतरतं, मग ऑक्टोबरकडे पुन्हा थोडं चढतं. वर्षात दोन टोकं दिसली तर त्यांना दोन वर्षं मोजू नका.

मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. किनाऱ्यालगत पावसाळ्यात खाड्यांचं गोडं, गढूळ पाणी येतं. तिथल्या ऑक्सिजनच्या आकड्यात पूर आणि तापमान इतके गुंततात की स्ट्रॉन्शियमशिवाय वाचूच नये.

किनाऱ्यावरून उचललेला तुकडा प्रयोगासाठी वापरला तर?

वापरू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मेलेला तुकडाही परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. परदेशातून आणायचा तर ‘साइटिस’ या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद लागतात. शिकायचं असेल तर आधी प्रसिद्ध झालेले आकडे घ्या. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या पुराहवामान संग्रहात आणि ‘कोरलहायड्रो२के’ संचात ते मोफत मिळतात.

काम झाल्यावर उरलेल्या कापाचं काय करायचं?

टाकू नका. कोअरचा अर्धा भाग न कापता ठेवा. कापावर रेघ कुठून गेली ते एक्स-रेच्या प्रतीवर काढा, प्रत्येक दहाव्या नमुन्याचा क्रमांक लिहा आणि उरलेली भुकटी कुपीतच ठेवा. पाच वर्षांनी कुणाला १७९१ च्या आसपासचा एखादा विचित्र आकडा पुन्हा तपासायचा असेल, तर तो त्याच खोबणीच्या शेजारून, दोन मिलिमीटर बाजूला, परत भुकटी काढू शकेल.